आक्का पोलंडहून आल्या

आमच्या आणि आक्कांच्या घरामधली भिंत छातीएवढी. बांधताना निम्मा निम्मा खर्च घातला होता आणि वर आणखी एक थर चढवायचा की नाही यावर दोन दिवस वाद झाला होता. चढवला नाही ते बरं झालं. तीस वर्षं याच भिंतीवरून वाटीभर डाळीचं पीठ, कढीपत्ता, पेपर आणि गावभरच्या बातम्या इकडून तिकडं जातात.

आक्का थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला पोलंडला गेल्या होत्या. व्रोत्सवाफ नावाचं गाव. तीन महिने भिंतीपलीकडं सामसूम, आणि आमची मंडळी उगाचच चिडचिड करायची. रविवारी आक्का परतल्या. सोमवारी सकाळी मी दात घासत बाहेर आलो, तर भिंतीवर कोपर टेकून उभ्या.

"भाऊजी, तुमचा कारखाना तिथं असता तर कवाच बंद पाडला असता. आणि बंद केल्याबद्दल वर पैसे पण मिळाले असते!"

मी तोंडातला फेस थुंकून आलो. आयुष्य साखर कारखान्याच्या लॅबमध्ये गेलं, उसाचा रस काचेच्या नळीत धरून पोल आणि ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर आणि विरघळलेले घटक, मोजत. असं वाक्य सकाळी सकाळी ऐकून चहा तसा गेला नसता.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"घरमालकीण आजीनं. ती पण तुमच्यासारखीच, कारखान्याच्या लॅबात होती. तिथं ऊस न्हाई, बीट. बिटाचा कीस करत्यात, गरम पाण्यात भिजवत्यात आणि ते गोड पाणी आटवत्यात."

बरोबर आहे. तिकडं हंगामाला कॅम्पेन म्हणतात आणि तो आपल्या गाळपासारखाच शरदात सुरू होतो. बिटात साखर शेकडा सोळा-सतरा असते. आपल्या कोल्हापूरचा उतारा साडेबारापर्यंत गेला तरी आपण कॉलर ताठ करतो, हे मी आक्कांना सांगितलं नाही. गावची अब्रू असते.

तोवर मंडळी चहा घेऊन भिंतीशी आली. आता ही बैठक दहा वाजेपर्यंत हलणार नाही हे मी ओळखलं.

आक्कांनी सुरुवात केली ती आजीच्या कपाटापासून. लेकीचं बिऱ्हाड खालच्या मजल्यावर, आजी वर. एकटी बाई, वय चौऱ्याहत्तर, चहा बिनसाखरेचा पिते. आणि कपाटात बारा किलो साखर! एक-एक किलोची बारा पाकिटं, ओळीनं लावलेली. एक संपलं की दुसऱ्या दिवशी नवं आणून जागा भरायची.

"मुरंबा करते असंल," आमची मंडळी म्हणाली.

"तो करतीच. पण मी लेकीला विचारायला लावलं, तर आजी म्हणाली, पुन्हा चिठ्ठीवर आली तर?"

ही चिठ्ठी म्हणजे त्यांचं रेशन कार्ड. पोलंडात १९७६ च्या ऑगस्टात साखर कार्डावर गेली, माणशी महिन्याला दोन किलो. साखर पिकवणाऱ्या देशात साखर कार्डावर. मग १९८१ मध्ये मांस, लोणी, पीठ, तांदूळ असं एकेक त्या कार्डांवर चढत गेलं. मांसाचं कार्ड १९८९ पर्यंत चाललं, आणि बहुतेक मोठ्या माणसांना महिन्याला अडीच किलोचा हिशोब होता. कार्ड हातात असलं म्हणजे माल मिळालाच असं नव्हे. कार्ड म्हणजे फक्त रांगेत उभं राहायचा हक्क.

आणि रांगा! आक्कांनी हात आडवा करून दाखवला, जशी काही ती रांग आमच्या पेरूच्या झाडापासून सुरू होऊन बावड्यापर्यंत गेली होती. फ्रीज, सोफा, धुलाई यंत्र यांची रांग दिवसाची नव्हे, आठवड्यांची. मग लोकांनीच समित्या काढल्या. वहीत नावं लिहायची, ठरल्या वेळी हजेरी घ्यायची, गैरहजर माणसाच्या नावावर काट. म्हातारी माणसं दुसऱ्यासाठी पैसे घेऊन उभी राहायची, तो एक धंदाच झाला होता. दुकानात गेलं तर फळ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या तेवढ्या मांडलेल्या, कारण त्या कुणाला नकोच असायच्या.

"आणि भाऊजी, मला तर हसावं का रडावं कळंना. संडासचा कागद मिळाला की सुतळीत ओवून गळ्यात घालून माणसं घरी यायची. आपल्याकडं कसा नवरदेवाच्या गळ्यात हार, तसा. रस्त्यात भेटंल तो विचारायचा, कुठं मिळाला?"

मंडळी चहा सांडेपर्यंत हसली. आपलंही फार जुनं नाही म्हणा. लेव्हीची, म्हणजे सरकारला द्यायची, साखर एका भावानं आणि खुल्या बाजारातली दुसऱ्या, हे मी गोदामात उभं राहून बघितलं आहे. भाव सरकारनं दाबून धरला की माल आपोआप मागच्या दारानं जातो, त्याला पोलिश असायची गरज नसते. पण आपल्याकडं किराणा दुकानदार शेटजी होता, भाजीवाली होती, आठवड्याचा बाजार होता. तिकडं गिरणी, दुकान, हॉटेल, बांधकाम, जवळजवळ सगळं सरकारी. तेवढी शेती मात्र नाही. पोलिश शेतकऱ्यानं जमीन सोडली नाही. शेजारच्या देशांतून सामुदायिक शेती झाली, पण पोलंडात बहुतेक जमीन छोट्या शेतकऱ्यांकडंच राहिली. आणि हाच शेतकरी पुढं गोष्टीत येणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

मांसाचे भाव वाढवले म्हणून १९८० च्या उन्हाळ्यात संप पेटले, ऑगस्टमध्ये ग्दान्स्कच्या गोदीत वालेन्सा नावाचा वायरमन पुढारी झाला आणि सॉलिडॅरिटी संघटना उभी राहिली. पुढच्या वर्षी डिसेंबरात लष्करी कायदा आला. हे सगळं आपण त्या वेळी पेपरात वाचलंय. आक्कांच्या आजीला त्यातलं राजकारण आठवत नाही. तिला आठवतं ते एवढंच, की लष्करी कायद्याच्या वेळी मुलगा दीड वर्षाचा होता आणि त्याच्या दुधात घालायला साखर शेजारणीकडून उसनी आणली होती.

"भिंतीवरून?" मंडळीनं विचारलं.

"जिन्यावरून. तिकडं भिंती कुठल्या, सगळ्या इमारती."

इथं मी मध्ये घुसलो, कारण पुढचा भाग माझा. नोकरी सुटल्यापासून वाचनालयात जाऊन असलं काहीबाही वाचत बसतो.

१९८९ मध्ये सरकार आणि सॉलिडॅरिटी गोल टेबलाशी बसले, जूनमध्ये निवडणूक झाली, आणि सप्टेंबरात सॉलिडॅरिटीच्या माझोव्येत्स्की यांचं सरकार आलं. तिजोरी रिकामी, डोक्यावर परदेशी कर्ज, आणि एकट्या ऑक्टोबर महिन्यात भाव निम्म्याहून जास्त वाढलेले. अर्थमंत्री झाले लेशेक बाल्त्सेरोविच, वय बेचाळीस. त्यांनी १ जानेवारी १९९० पासून सगळं एकदम सोडलं. बहुतेक भाव मोकळे, अनुदानं कापली, डॉलर साडेनऊ हजार झ्लॉटीला बांधून टाकला, परदेशी माल आत येऊ दिला. पगार मात्र मोकळे नाहीत. कारखान्यानं ठरल्यापेक्षा जास्त पगारवाढ दिली तर जबर कर. म्हणजे बाजारातला भाव सुटला आणि कामगाराचा भाव बांधला.

त्या एका जानेवारीत किमती जवळजवळ ८० टक्के वाढल्या. त्या वर्षाची महागाई ५०० टक्क्यांच्या वर गेली.

"व्हय, आजी म्हणाली ना," आक्का म्हणाल्या. "नाताळात रांग होती. फेब्रुवारीत रांग न्हाई. दुकानात हॅम लटकलेलं, चीज, संत्री, सगळं. ती नुसती काचेबाहेर उभी राहून बघत हुती. पंधरा वर्षं साठवलेले पैसे बँकेत, आणि त्यात एक चांगला बूटजोडसुद्धा येईना."

आक्का थोडा वेळ गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पण ती असं पण म्हणाली, की रांगेत गेलेले तास कुणी परत देणार हुतं काय? निदान घरी तरी लवकर यायला लागले."

पगाराचं गणित तर गंमतच होती. १९९० मध्ये सरासरी महिन्याचा पगार दहा लाख झ्लॉटीच्या वर. सगळा देश लखपती, आणि दहा लाखांचे डॉलर होतात शंभराच्या आसपास. पुढं १९९५ मध्ये दहा हजार जुन्यांचा एक नवा झ्लॉटी केला, तेव्हा आजीचे लाख एका रात्रीत शेकड्यात आले. पिशवीभर जुन्या नोटा पुढं आजीच्या नातवंडांनी खेळायला घेतल्या.

या सगळ्या पडझडीत कोण उभं राहिलं, तर फुटपाथवाला. हे मला फार आवडतं. बाल्त्सेरोविच यांच्या आधी, कम्युनिस्ट सरकारनंच जाता जाता उद्योगमंत्री व्हिल्चेक यांचा एक कायदा करून ठेवला होता, १ जानेवारी १९८९ पासून. जे कायद्यानं बंद नाही तो धंदा कुणीही करावा. लोकांनी मग घरातली लष्करी खाट उचलली, रस्त्यावर मांडली आणि तिच्यावर माल लावला. जर्मनीतून आणलेली जीन्स, तुर्कस्तानचे स्वेटर, चहा, ब्लेडं, काय वाट्टेल ते. मोटारीच्या डिकीतून मांस विकलं जाई. वॉर्सात तर जुन्या क्रीडांगणाच्या पायऱ्यांवर युरोपातला एक मोठा बाजार भरायला लागला. त्याच जागी पुढं २०१२ च्या युरो फुटबॉलसाठी राष्ट्रीय स्टेडियम झालं. आपल्या गांधीनगरच्या कापडबाजारात एकदा फिरून या, म्हणजे त्या खाटांचं अर्थशास्त्र कळतं.

आणि शेअर बाजार? तो १९९१ च्या एप्रिलात वॉर्सात उघडला, पहिल्या दिवशी पाच कंपन्या. जागा कुठली, तर कम्युनिस्ट पक्षाची मुख्य कचेरी!

"देवा," आमची मंडळी म्हणाली. "जिथं लाल झेंडा तिथंच दलाल."

पण सगळेच खाट मांडू शकत नव्हते. आजीच्या नवऱ्याचा भाऊ वाउब्झिखला कोळशाच्या खाणीत. व्रोत्सवाफपासून गाडीनं तासा-दीड तासावर. नव्वदच्या दशकात तिथल्या खाणी एकेक करून बंद झाल्या. मग ही माणसं गावाबाहेरच्या टेकडीवर फावड्यानं भोकं पाडून कोळसा काढायची, पोत्यात भरून विकायची. काही त्या भोकांतच गाडली गेली. वूच शहरातल्या कापडगिरण्या, ज्यांचा माल रशियात जायचा, त्या एकामागून एक थंडावल्या आणि बाया घरी बसल्या. आता तिथल्या एका जुन्या गिरणीत झगझगीत मॉल आहे. हे वाक्य लिहिताना मला मुंबईचं परळ-लोअर परळ आठवलं, तुम्हालाही आठवलं असेल, तेव्हा ते लांबवत नाही. ज्या ग्दान्स्क गोदीनं सगळ्याची सुरुवात केली, तीच गोदी १९९६ मध्ये दिवाळखोर झाली. सरकारी शेतफार्मांवर राबणाऱ्यांचे तर सगळ्यात हाल. फार्म गेले, घरं तिथंच, आणि पंचक्रोशीत दुसरं काम नाही.

मग लोक चिडणार नाहीत तर काय? १९९३ मध्ये त्यांनी जुन्या कम्युनिस्टांचे वारस परत निवडून दिले. १९९५ मध्ये वालेन्सा राष्ट्रपतिपदाची निवडणूक हरले. आणि गंमत ऐका, पोलंडला युरोपीय संघात नेणाऱ्या करारावर २००३ मध्ये अथेन्सला सही केली ती पंतप्रधान लेशेक मिलर यांनी, जे एके काळी कम्युनिस्ट पक्षाच्या पॉलिटब्यूरोत होते. पुढारी कुठंही सारखेच. बस निघाली की ड्रायव्हर बदलतो, गाडी तीच.

आक्का म्हणाल्या, "आता बाजाराचं सांगा. आजी सारखं म्हणायची, युरोपच्या बाजारात शिरायला आम्हाला परीक्षा द्यावी लागली."

द्यावी लागलीच. लोकांना वाटतं, पोलंडचं भलं त्या एका नववर्षाच्या धक्क्यानं झालं. मला तसं वाटत नाही. रांग मोडायला महिनाभर लागला, पण बाजारात मानानं बसायला चौदा वर्षं लागली, आणि खरं काम त्या चौदा वर्षांचं. १९९१ मध्ये संघाच्या आधीच्या युरोपीय समुदायाशी करार झाला, १९९४ मध्ये अर्ज, १९९८ मध्ये वाटाघाटी सुरू. एकतीस प्रकरणं. दूध किती थंड ठेवायचं, खाटीकखान्याच्या भिंतीला फरशी किती उंचीपर्यंत, नदीत काय सोडायचं, बँक कशी तपासायची, निविदा कशी काढायची. सगळे कायदे नव्यानं लिहायचे आणि नुसते लिहून भागत नाही, पाळले जातात का ते बघायला माणसं यायची. कितीतरी छोट्या डेअऱ्या आणि खाटीकखाने त्यात बसलेच नाहीत. आपल्याकडं तपासणीचा साहेब आला की चहा-बिस्किटावर भागतं असं मी म्हणत नाही, पण माझ्या नोकरीत मी बरीच बिस्किटं आणवली आहेत.

आणि त्या सगळ्याच्या तोंडावर, २००३ च्या सुरुवातीला, बेकारी वीस टक्क्यांवर. पाचात एक माणूस घरी. तरी जूनच्या सार्वमतात ७७ टक्के लोकांनी हो म्हटलं. शेतकरी सगळ्यात जास्त धास्तावलेला. आंजेय लेपर नावाचा पुढारी त्यांना घेऊन रस्ते अडवायचा, परदेशी धान्य रुळांवर ओतायचा. जर्मन येऊन जमिनी घेतील ही भीती एवढी, की शेतजमिनीच्या खरेदीवर बारा वर्षांची मुदत मागून घेतली. फ्रान्सच्या शेतकऱ्याला जे अनुदान मिळतं त्याच्या चौथाईनं पोलिश शेतकऱ्याची सुरुवात, पुढं दर वर्षी वाढत जायचं.

मग पैसे खरोखर आले. २००४ च्या शरदात थेट खात्यावर. चौदा लाखांच्या आसपास शेतकऱ्यांनी अर्ज केले होते. त्यानंतर गावागावांतून युरोपला शिव्या देणारा आवाज बराच खाली आला. पैसा खात्यात पडला की तत्त्वज्ञान मऊ होतं, याचा अनुभव ऊसबिलाच्या दिवशी आमच्या कारखान्यावर कुणीही घ्यावा.

"साखरेचं सांगा की वो," आक्कांनी टोकलं. "बारा किलोचं."

तेच येतंय. संघात साखरेचा भाव बाहेरच्या जगापेक्षा खूप वर धरलेला होता, शेतकरी जगावा म्हणून. पोलंडात साखर स्वस्त. १ मे २००४ ला संघात गेलं की ती महागणार हे कळल्यावर बायाबापड्यांनी दुकानं लुटावीत तशी साखर उचलली. आजीनं चाळीस किलो भरली, आणि ती कारखान्याच्या लॅबात नोकरीला! पण पोलंडची कथा एस्टोनियापुढं काहीच नाही. तिथं लोकांनी घरोघरी साखर भरली, मुरंब्याला लागते म्हणून. तर ब्रुसेल्सनं एस्टोनियाच्या सरकारवर जादा साठ्याबद्दल कोट्यवधी युरोचा दंड लावला.

"आजीबाईंच्या मुरंब्यासाठी सरकारला दंड?" मंडळीला हे फारच मनाला लागलं. तिच्याही फडताळात काय काय आहे ते मला माहीत आहे.

आता कारखाने. १९९० च्या सुमारास पोलंडात साखरेचे सत्तरच्या वर कारखाने होते, जुने, छोटे, काही शंभर वर्षांपूर्वीचे. त्यातले बरेच जर्मन कंपन्यांनी घेतले. उरलेले एकत्र करून सरकारनं २००२ मध्ये राष्ट्रीय साखर कंपनी केली. कवडीमोलानं विकले अशी ओरड तिकडं खूप झाली. आपल्याकडं सहकारी कारखाने कुणी कुणाला कितीला दिले यावर मी बोलणार नाही. भिंत छातीएवढीच आहे, आणि पलीकडच्या गल्लीत एक माजी संचालक राहतात.

मग ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेत युरोपच्या साखरेवर दावा लावला आणि जिंकला. २००६ मध्ये संघानं साखरेचा हमीभाव चार वर्षांत ३६ टक्के खाली आणायचं ठरवलं. आणि जो कारखाना आपला कोटा सोडून गाळप थांबवेल त्याला सुरुवातीला टनामागं ७३० युरोपर्यंत भरपाई. आक्का सकाळी म्हणाल्या ते हेच. आजीचा कारखाना त्या लाटेत बंद झाला. शेवटच्या कॅम्पेनला तिनं शेवटचा नमुना तपासला, नळी धुतली आणि खिशात घालून घरी आणली. ती नळी कपाटात साखरेशेजारी उभी आहे म्हणे.

तेव्हा आजी पन्नाशीच्या पुढं. पुन्हा नोकरी कोण देणार? आणि हाच माझा मुद्दा आहे, वाचकांनी रागावू नये. पोलंडचं एकूण भलं झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण हिशोबाची वही बघा. १९९० मध्ये जे विशीत होते त्यांनी कमावलं, आणि जे चाळिशी-पन्नाशीत होते त्यांच्या नावावर उधारी पडली. बाल्त्सेरोविच यांनी चूक केली असं मी म्हणत नाही, दुसरी वाट मलाही दिसत नाही. एवढंच, की ज्यांनी बिल भरलं त्यांना पावती मिळाली नाही.

आज पोलंडात साखर कारखाने विसाच्या आत आहेत. आणि फ्रान्स, जर्मनी यांच्यानंतर संघात सगळ्यात जास्त साखर पोलंड काढतो. आमच्या लॅबमधल्या एखाद्या नव्या पोराला हे सांगितलं तर त्याचा विश्वास बसणार नाही.

झ्लॉटी त्यांनी सोडला नाही, युरो घेतला नाही. २००८-०९ च्या मंदीत झ्लॉटी घसरला, त्यामुळं पोलिश माल बाहेर स्वस्त पडला, आणि २००९ मध्ये संघातल्या सगळ्या देशांत वाढ झाली ती एकट्या पोलंडची. वाउब्झिखला आता जपानी मोटार कंपनीचा गिअरबॉक्सचा कारखाना आहे. पण नियमांचा दांडा दोन्हीकडून लागतो. सरकारनं गोद्यांना दिलेली मदत बेकायदा ठरवून संघानं ती परत मागितली, आणि २००९ मध्ये ग्दिनिया आणि श्चेचिन इथल्या गोद्या बंद पडल्या. घरातल्या आजारी माणसाला औषधपाणी करायला बाजाराची परवानगी लागते, असं आजीचं त्यावरचं मत.

"आणि पोरगा?" मंडळीनं विचारलं. बायकांना बरोबर तेच सुचतं.

२००४ मध्ये ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी पहिल्याच दिवसापासून पोलिश कामगारांना दारं उघडली. जर्मनीनं सात वर्षं कडी लावून ठेवली, २०११ पर्यंत. २००७ च्या अखेरीला वीस लाखांहून जास्त पोलिश माणसं देशाबाहेर होती. फ्रान्समध्ये तर पोलिश प्लंबर येऊन आमची कामं खाणार म्हणून सार्वमताच्या वेळी गदारोळ झाला. त्यावर पोलंडच्या पर्यटनवाल्यांनी एका देखण्या प्लंबरचं पोस्टर काढलं, की मी इथंच राहतोय, तुम्हीच इकडं या. आजीचा मुलगा डब्लिनला गेला. दोन वर्षांसाठी. तिथंच लग्न, तिथंच मुलं.

"आम्ही राहत हुतो ते बिऱ्हाड त्याचंच," आक्का म्हणाल्या. "त्याच्यासाठी राखून ठेवलं हुतं. दारावर त्याची उंची मापलेल्या पेन्सिलच्या रेघा अजून हायेत. आता आमची नात त्याच दाराला धरून उभी राहील."

कुणी काही बोललं नाही. कावळा ओरडला म्हणून मी त्याला हाकललं.

मग विषय बदलायला मी राजदूतचं काढलं. पहाटेच्या पाळीला मी ज्या राजदूतवर जायचो, ती मोटारसायकल मुळात पोलंडची. तिकडची एसएचएल कंपनीची एम-११, तिचंच देशी रूप म्हणजे आपली राजदूत. गावोगावच्या दूधवाल्यांनी जिच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकवले ती पोलिश गाडी. आक्कांना हे माहीत नव्हतं, त्यामुळं मला जरा बरं वाटलं.

पण त्यांनी लगेच फेड केली. आजीला कोल्हापूर माहीत होतं! दुसऱ्या महायुद्धात आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पाचेक हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ पासून ४८ पर्यंत राहिले. त्याच जागेवर पुढं सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर झालं. वॉर्सात त्या छावणीचं स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टात आपले पंतप्रधान तिथं फूल वाहताना आजीनं टीव्हीवर बघितलं होतं. आक्का कोल्हापूरच्या म्हटल्यावर तिनं उठून गालाला गाल लावला, आणि महिनाभर भाड्यात वीज धरली नाही.

"निघताना हे दिलं तुमच्यासाठी. लॅबवाल्याला द्या म्हणाली."

आक्कांनी पदराआडून एक किलोचं पाकीट काढून भिंतीवर ठेवलं. बिटाची साखर. मी पाकीट उजेडात धरून बघितलं. दाणा बारीक, आपल्या एस-३० या बारीक प्रतीपेक्षाही बारीक, रंग पांढराशुभ्र.

त्याला आता आठ दिवस झाले. मंडळीनं अजून पाकीट फोडलेलं नाही. डाळीच्या डब्यामागं ठेवलंय, असू दे म्हणते, कधी लागंल सांगता येत नाही.